जिवलीची हाडं

१२ सप्टेंबर १९९६, तलासरी
औषध कंपनीचा माणूस दरवर्षी डायरी देऊन जातो. यंदाची कोरीच पडली होती. आज खूप दिवसांनी काहीतरी लिहून ठेवावंसं वाटलं.

झरीची सुकी पोरीला घेऊन पुन्हा आली. पोर चार वर्षांची आहे, जिवली नावाची. वजन नऊ किलो. पाय धनुष्यासारखे वाकलेले, मनगटं रुंद, बरगड्यांवर मण्यांसारख्या गाठी. हा मुडदूस आम्ही नेहमी बघतो, पण हिच्या डोक्यावर एकही केस नाही. भुवयासुद्धा नाहीत. आई लाल फडकं बांधून आणते. जून महिन्यात डॉ. सुदर्शननी ड जीवनसत्त्वाची सहा लाख युनिटची पुडी दिली होती, दुधातून पाजायला. आज हाडांचा एक्स-रे फोटो काढला, फरक शून्य. दुसरी पुडी दिली. सर म्हणाले, "सहा आठवड्यांत हाडाच्या टोकाला पांढरी रेघ दिसायलाच हवी."

मी सुकीला तीनदा बजावलं. तिने तीनदा मान हलवली.

२२ ऑक्टोबर
आज माझ्याकडून जास्त बोललं गेलं. पण बोलणं भागच होतं.

दुसऱ्या फोटोतही रेघ नाही. पोर आता बसतानाही कण्हते. मी सुकीला बाजूला घेतलं. "पुडी दिलीस का? खरं सांग."
"दिली, सिस्टरबाय."
"दुधातून?"
"दूध नव्हतं. पेजेतून दिली. सगली प्याली."
"मग हाडं का भरली नाहीत?"
तिने जिवलीचे पाय पदराखाली घेतले. मी म्हटलं, "तुझ्या खोटेपणानं पोर मरेल, सुकी." बाकावरच्या बायकांनी ऐकलं. सुकीने फडकं नीट बांधलं, जिवलीला कडेवर घेतलं आणि निघाली. सरांनी तिला थांबवून पोरीचं रक्त घेतलं. मुंबईला त्यांच्या वर्गातली नीलम म्हणून कुणी आहे, संशोधन करते, तिच्याकडे पाठवणार म्हणे.

पंचवीस वर्षं वॉर्डात काढली आहेत. खोटं बोलणारी आई मला कळते.

३ डिसेंबर
सुकी पंधरा दिवसांनी यायची होती, आली नाही. दिवाळीनंतर माणसं कामाला बाहेर जातातच. माझा काही संबंध नाही.

रविवारी वॉर्डाचे पडदे शिवले. हिरवं कापड उरलं होतं, त्याची लहान टोपी केली. फुकट कशाला घालवायचं.

१७ डिसेंबर
दुपारी टपाल आलं. सरांनी मला खोलीत बोलावलं आणि खुर्ची पुढे सरकवली. ते असं कधी करत नाहीत.

डॉ. नीलमचं पत्र होतं. जिवलीच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी नाहीच. शरीर त्याचं जे तयार, कामाचं रूप करतं, ते तर निरोगी पोराच्या चौपट आहे. कॅल्शियम मात्र तळाला. सर म्हणाले, "सिस्टर, आईने औषध दिलंय. सगळं दिलंय. पोरीचं शरीर औषधाने भरलंय, पण ते शरीराला कळतच नाहीये."
"म्हणजे?"
"पेशीत एक प्रथिन असतं. या जीवनसत्त्वाला तेच ओळखतं. नीलमला शंका आहे, ते प्रथिनच बिघडलेलं आहे. जन्मापासून. केस नसणं त्याचीच खूण."

मी "बरं" म्हणून वॉर्डात आले. तापमानं घेतली. दोन पेशंटची चुकीच्या कागदावर लिहिली, पुन्हा घ्यावी लागली.

१८ डिसेंबर
हे मी फक्त इथेच लिहिते आहे.

सुकीला आधी एक मुलगा होता, नविन. तोही बिनकेसाचा, तीन वर्षांचा होऊन गेला. हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आज सर म्हणाले, त्याचा जुना कागद मिळतो का बघा. डॉ. सुदर्शन इथे येऊन दोनच वर्षं झाली, त्यांना जुनं काही माहीत नाही. मी माळ्यावरचे गठ्ठे काढले. १९९२, ऑगस्ट. नविन धाकल्या, रा. झरी, न्यूमोनिया, मुडदूस. खाली परिचारिकेचा शेरा: "आई सांगितलेले औषध देत नाही. समज दिली."

अक्षर माझं आहे. खाली सही माझी आहे.

मला ते पोर आठवतच नाही. तासभर आठवायचा प्रयत्न केला. त्या पावसात न्यूमोनियाची किती पोरं आली होती. आठवत नाही, याचंच जास्त वाटतंय.

सरांना सांगितलं की कागद मिळाला नाही.

२३ डिसेंबर
सरांची जीप घेऊन झरीला गेले. सुकीच्या खोपटाला बाहेरून काटक्या लावलेल्या. शेजारची म्हातारी म्हणाली, सुकीचा नवरा धाकल्या वाढवणला बोटीवर गेलाय, बायको-पोर संगती. मग आपणहून म्हणाली, "त्या बायचंच काय तरी हाय. दोन पोरं झाली, दोन्ही तशी."

म्हणजे इथेही सगळे हेच म्हणतात. मी एकटी नव्हे. याने बरं वाटायला हवं होतं.

२६ डिसेंबर
सकाळच्या एसटीने डहाणू, तिथून वाढवण. किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले. मासळीच्या कामावरच्या एका मांगेलीण बाईने विचारायच्या आधीच बोट दाखवलं, "टकली पोर ना? ती बघ."

जिवली मांडवाच्या कडेला वाळूत बसली होती, भर उन्हात. आम्ही आयांना सांगतो, पोराला ऊन द्या. ही पोर दिवसभर उन्हातच होती. सुकी ओले बोंबील जोडीजोडीने अडकवत होती, एकाच्या तोंडात दुसऱ्याचं तोंड घालून. मला बघून तिचे हात थांबले नाहीत.

मी म्हटलं, "सुकी, रिपोर्ट आला. तू औषध दिलं होतंस. मी चुकले."
तिने पुढची जोडी उचलली.
"सगळ्यांसमोर बोलले होते. आता सगळ्यांसमोरच सांगते, मी चुकले."
बाकीच्या बायकांनी माना वर केल्या. सुकीने हातातली जोडी अडकवली आणि विचारलं, "मग आथा काय?"
मी सांगितलं, तोंडावाटे कॅल्शियम दिलं तर आतडं ते पुरतं आत घेत नाही. म्हणून शिरेतून द्यायचं. रोज. कित्येक महिने.
"मरेल?"
"न दिलं तर नक्की."
"आनि दिलं तर?"
"माहीत नाही. सरांनाही माहीत नाही. पत्रात लिहिलंय, दुसऱ्या देशांत काही पोरं अशी बरी झालीत."

तिने बोटीकडे बघितलं. म्हणाली, "तो परवा येल दर्यावरनं. त्याला इचारते." मी टोपी द्यायला आणली होती. वाळूत पोरीच्या शेजारी ठेवली आणि आले. नविनच्या कागदाचं बोलले नाही. एका दिवशी किती सांगायचं.

३० डिसेंबर
तिघंही आले. जिवलीच्या डोक्यावर हिरवी टोपी. जरा मोठी झालीय.

६ जानेवारी १९९७
आज ड्रिप सुरू केलं. सकाळी आठ ते दुपारी चार, थेंब थेंब. कॅल्शियम वेगाने गेलं तर काळीज बंद पडू शकतं. आमच्याकडे हृदयाचा आलेख सतत दाखवणारं यंत्र नाही. सर म्हणाले, "यंत्र तुम्हीच, सिस्टर. दर दहा मिनिटांनी नाडी. ऐंशीच्या खाली गेली की बंद करायचं, मला हाक मारायची."

आठ तास तिचं मनगट धरून बसले. तिने माझ्याकडे बघितलं नाही. सुई लावताना चावली, ते वेगळं.

डॉ. नीलमनी पत्रात मागितला होता तसा कातडीचा एक कणभर तुकडाही घेतला. त्यातल्या पेशी त्या काचेत वाढवणार आहेत. कशासाठी ते सरांनी सुकी-धाकल्याला दोनदा समजावलं. धाकल्याने विचारलं, "पोरीला दुखंल?" आणि मग "घ्या" म्हणाला. उद्या बोटीवर परत जातोय.

१९ जानेवारी
जिवलीने आज माझं मनगट धरलं. घड्याळाकडे बघत ओठ हलवले आणि अगदी गंभीरपणे म्हणाली, "बरा हाय." मी म्हटलं, "लिहून ठेव." तिने पलंगाच्या चादरीवर बोटाने लिहिलं.

२९ जानेवारी
वाईट दिवस. डाव्या हाताची शीर फुटली आणि कॅल्शियम कातडीखाली उतरलं. मी तेव्हा शेजारच्या खाटेवर इंजेक्शन देत होते, पाच मिनिटं फार तर. हात लाल झाला, आता काळा पडतोय. जिवली ओरडली नाही. तिला वाटलं असेल, असंच असतं.

सर म्हणाले, होतं असं, शिरा कोवळ्या आहेत. मी विचारलं, हे सगळं चाललंय त्याचा उपयोग होतोय कशावरून? ते म्हणाले, "कशावरूनच नाही. तीन महिने तरी कळणार नाही."

सुकीने काळी पडलेली जागा बघितली आणि मला म्हणाली, "तू जेवली नाय सकाळधरनं." मला ते सहन झालं नाही. औषधांच्या खोलीत जाऊन बाटल्या पुसत बसले.

१६ फेब्रुवारी
डहाणूहून सुनिता आली होती. माझी धाकटी बहीण. स्टेशनजवळच्या नर्सिंग होममध्ये जागा निघालीय, तिच्या घरापासून चालत दहा मिनिटं. "ताई, किती वर्षं म्हणत होतीस. एक मार्चपासून ये म्हणतायत."

खरंच म्हणत होते. इथल्या क्वार्टरचं छत, इथलं पाणी, सगळ्याला कंटाळले आहे. पण एक मार्च जमणार नाही. जिवलीच्या शिरा आता फक्त मला सापडतात. ड्रिप संपलं की लगेच जाईन, असं तिला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. काय बघत होती कोण जाणे.

९ मार्च
डॉ. नीलम स्वतः आल्या. मला वाटलं होतं चष्मा लावलेली कुणी रागीट बाई असेल. ही तर सुकीच्या खाटेवर मांडी घालून बसली. धाकल्याही वाढवणहून आला होता. त्यांनी एक रंगीत चित्र उलगडलं. रिबिनीच्या गुंडाळ्या एकमेकींत अडकल्यासारखं दिसत होतं. मला समजलं तसं लिहिते.

हे ते प्रथिन. म्हणजे नेमकं हेच नव्हे. याचा फोटो अजून जगात कुणाला काढता आलेला नाही. प्रथिनाचा स्फटिक करावा लागतो, त्यावर क्ष-किरण सोडावे लागतात, आणि हे स्फटिक व्हायला तयार नाही. पण याच्या भावंडांचे फोटो दोन वर्षांपूर्वी निघाले. त्यांच्यावरून याचा अंदाज.

प्रथिनाच्या पोटात एक पोकळी आहे. जीवनसत्त्व तिच्यात जाऊन बसतं. बसलं की कडेची एक गुंडाळी वळते आणि झाकणासारखी त्यावर बंद होते. मग प्रथिनाचा आकार पक्का होतो आणि ते आपल्या जोडीदाराला घट्ट धरतं. जोडीदार म्हणजे दुसरं एक प्रथिन. दोघं मिळूनच डीएनएवर बसतात आणि आतड्याला हुकूम देतात, कॅल्शियम आत घ्या. एकट्याचं काही चालत नाही.

मी विचारलं, "मग जिवलीचं कुठं अडतं?"
"आम्हाला वाटलं होतं पोकळीत. पण पेशी वाढवून बघितल्या, तर पोकळी चांगली आहे. जीवनसत्त्व बरोबर जाऊन बसतं. बिघाड इथं आहे," त्यांनी चित्राच्या कडेला बोट ठेवलं. "जोडीदाराला जिथं धरायचं त्या बाजूला. हे प्रथिन म्हणजे सव्वाचारशे मण्यांची माळ. त्यातला एक मणी बदललाय. त्यामुळे हात पुढे होतो, पण पकड बसत नाही."

सुकी इतका वेळ चित्राकडे बघत होती. तिने विचारलं, "तो मनी माझ्याकडनं आला का त्याच्याकडनं?"
"दोघांकडून. एक तुझ्याकडून, एक त्याच्याकडून. तुम्हा दोघांकडे एकेक चांगलाही आहे, म्हणून तुम्हाला काही झालं नाही. पोराला दोन्ही बिघडलेलेच मिळाले तर हे होतं. चारांत एकदा. तुमच्या नशिबी दोनदा आलं."
"मी काय खाल्लं, काय केलं, त्यानं नाय?"
"नाही. तुम्ही काहीही केलं असतं तरी हेच."

धाकल्या भिंतीला टेकून उभा होता. म्हणाला, "म्हंजे हिचा दोस नाय." आणि मग, "माझ्या आयसला सांगायला पायजे."

सुकीने पदर तोंडावर घेतला. जिवली तिच्या मांडीवर चढून पदर ओढायला लागली, तिला वाटलं खेळ आहे.

जाताना सुकीने केसांचं विचारलं. डॉ. नीलम म्हणाल्या, "हाडं भरतील असं वाटतं. केस येणार नाहीत. त्यांना शिरेतून द्यायचं असं काही आमच्याकडे नाही." खोटी आशा लावली नाही, हे मला आवडलं.

११ मार्च
सांगितलं.

दोन दिवस चित्रातली ती कडेची जागा डोळ्यांसमोर होती. आज ड्रिप चालू असताना, नाडी धरूनच, सुकीला म्हटलं, "तुझा नविन इथंच गेला. मी होते तेव्हा. मी कागदावर लिहिलं होतं, आई औषध देत नाही. तेही खोटं होतं." तिला वाचता येत नाही, तरी कागद आणून तिच्या हातात दिला.

ती कागदाकडे बघत राहिली. म्हणाली, "मला म्हायती हाय."
"काय माहीत आहे?"
"तू होतीस ते. बोलली होतीस पन. तवा पन सगल्यांम्होरं."
"मग जिवलीला इथं का आणलीस? दुसरीकडे न्यायची."
सुकीने कागद माझ्या मांडीवर ठेवला. "तो जात व्हता तवा त्याचा सास अडकायचा. तू त्याला उभा छातीशी धरून बसली व्हतीस, लय वेल. खाली ठेवलं का अडकायचा, म्हून ठेवलाच नाय. तुझा हात आखडला तरी. तुला नाय आठवत?"
मी नाही म्हटलं.
"मला आठवतं. म्हून तुझ्याकडंच आनली."

नाडी मोजायची राहून गेली. मग मोजली. शंभर.

१२ मार्च
कागद सरांना दिला. मिळाला नाही असं खोटं सांगितलं होतं, तेही सांगितलं. त्यांनी वाचला आणि म्हणाले, "यावर आज तारीख घालून खरं काय ते लिहा. तुमच्या हाताने." लिहिलं: "आईने औषध दिले होते. आजार जन्मजात. शेरा चुकीचा होता." सही केली.

२० एप्रिल
फोटो. सर उजेडाच्या पेटीसमोर उभे होते आणि तोच फोटो पुन्हापुन्हा सरळ करत होते. मला वाटलं गेलं सगळं. मग त्यांनी मनगटाच्या हाडाच्या टोकाशी पेन नेलं. केसाएवढी पांढरी रेघ. दोन्ही मनगटांत.

सुकीला दाखवली. "ही?" म्हणाली. "येवढीशी?" मी म्हटलं, एवढीच हवी होती.

सुनिताचा फोन. नर्सिंग होमवाले मे महिन्यापर्यंत थांबायला तयार आहेत. बघू म्हटलं.

२८ मे
जिवली खाटेची दांडी धरून उभी राहिली. अकरा आकडे मोजले, तोवर उभी होती. तिला अकरापर्यंतच येतात.

७ जून
आज घरी गेली. आता शिरेतून नको; हाडं एकदा भरली की तोंडाने भरपूर दिलेलं कॅल्शियम पुरतं, असं सर म्हणतात, आणि दर महिन्याला तपासणी. पाय अजून वाकडेच आहेत, पण हाडांत आता जीव आहे. चार पावलं टाकते, मग बसते. डॉ. नीलमना फोटोची प्रत पाठवली.

तिची खाट दुपारीच दुसऱ्या पेशंटला दिली. संध्याकाळी सवयीने तिथं जाऊन त्या म्हाताऱ्याची नाडी धरून बसले. त्याने विचारलं, बाई, काय झालंय मला? काही नाही म्हटलं.

१४ जून
नर्सिंग होमला ‘नाही’ म्हणून कळवलं. पावसात रोज छत्री घेऊन चालत जायचं म्हणजे नसती कटकट, आणि मला गुडघ्याचा त्रास आहे. सुनिता म्हणाली, "दहा मिनिटं आहेत गं, ताई." मी म्हटलं, दहा तर दहा.

२ ऑगस्ट
सुकी आली नाही. नदीला पाणी आहे, रस्ता बंद असेल. कॅल्शियमच्या बाटल्या झरीच्या मास्तरांबरोबर पाठवल्या.

५ सप्टेंबर
मास्तरांकडून निरोप, पोर बरी आहे. बरी म्हणजे काय? मास्तरांना विचारलं तर म्हणाले, "बरी म्हणजे बरी, सिस्टर."

१६ नोव्हेंबर
आज रविवार. सरांना सांगून स्वतःच झरीला गेले. भात कापून झालंय, शेतांतून सरळ वाट पडली आहे. पिशवीत बाटल्या, वजनाचा काटा, आणि रक्त घ्यायचं म्हणून सुई.

सुकी अंगणात भात झोडत होती. पोट दिसायला लागलंय. पाचवा महिना म्हणाली. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "चारातला एक. म्हायती हाय. झाल्याबरोबर तुझ्याकडं आनीन, रगत बघ." धाकल्याची आई पडवीत बसली होती. ती म्हणाली, "बस बाय," आणि सुनेला हाक मारून मला पाणी द्यायला लावलं. हाक साधीच होती.

"जिवली कुठाय?" मी विचारलं.

ती पेंढ्याच्या उडव्यापाशी कोंबडीच्या पिल्लांना दाणे टाकत होती, पाठमोरी. डोकं उघडंच. उन्हात चकाकत होतं, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. मी हाक मारली. तिने वळून बघितलं. आधी माझा चेहरा, मग माझी पिशवी. पिशवीत काय असतं ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

दाणे तिथेच टाकले आणि पळाली. उडव्याला वळसा घालून, बांधावरून, खालच्या मोकळ्या शेतात. पाय बाहेर फेकत, डुलत, पण पळत. मी बांधापर्यंत गेले, तोवर ती पार पलीकडच्या ताडाखाली पोचली होती आणि तिथून बघत होती, मी मागे येते का.

सुकी मागून आली. म्हणाली, "थांब, पकडून आनते."

मी म्हटलं, "राहू दे. पळू दे अजून जरा."